‘डोमेनच्या फॉर्ममध्ये खोटा पत्ता टाका, कुणी बघत नाही’: या सल्ल्याचा प्रतिवाद

वेबसाइटसाठी डोमेन घेणाऱ्या नवख्या माणसाला एक सल्ला हमखास मिळतो. तो साधारण असा असतो: “२०१८ पासून हूइजमध्ये कुणाचंच नाव दिसत नाही, तेव्हा प्रायव्हसीची सोय घेण्याची गरज नाही. तरी भीती वाटत असेल तर फॉर्ममध्ये खोटं नाव आणि पत्ता टाका, कोणी तपासत नाही. प्रॉक्सी मात्र घेऊ नका, डोमेन तुमच्या मालकीचं राहत नाही. आणि पुढे गरज पडलीच तर माहिती केव्हाही लपवता येते.” हूइज म्हणजे डोमेन कोणाच्या नावावर आहे हे दाखवणारी जाहीर नोंद. प्रायव्हसी आणि प्रॉक्सी या त्या नोंदीत तुमची माहिती झाकणाऱ्या सेवा. सल्ल्यातलं पहिलं विधान अर्धं खरं आहे. बाकीची तीन चुकीची आहेत आणि खोट्या पत्त्याच्या सल्ल्यापायी तर डोमेनच हातचं जाऊ शकतं.

“२०१८ पासून नाव दिसतच नाही.”

युरोपचा जीडीपीआर हा खासगी माहितीच्या संरक्षणाचा कायदा २५ मे २०१८ रोजी लागू झाला. त्याच दिवसापासून आयकॅनने (डोमेन व्यवस्थेचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने) डॉट कॉम, डॉट नेट, डॉट ऑर्गसारख्या डोमेनसाठी तात्पुरते नियम अमलात आणले आणि बहुतेक रजिस्ट्रारांनी (डोमेन नोंदवून देणाऱ्या कंपन्यांनी) व्यक्तीचं नाव, रस्ता, शहर, पिनकोड आणि फोन झाकायला सुरुवात केली. इथपर्यंत सल्ला बरोबर आहे. पण राज्य आणि देश उघडेच राहिले. शिवाय ही झाकणी सर्वत्र सारखी नाही. कायद्याने बंधन असेल तिथे रजिस्ट्रारला माहिती झाकावीच लागते, इतर ठिकाणी ते बरंचसं त्याच्या धोरणावर असतं.

देशांच्या डोमेनना तर आयकॅनचे हे नियम लागूच नाहीत. कॅनडाचं डॉट सीए खासगी व्यक्तीची माहिती मुळातच झाकून ठेवतं. याउलट अमेरिकेच्या डॉट यूएसमध्ये प्रॉक्सी किंवा प्रायव्हसी सेवा वापरायला मनाई आहे, तिथे नाव-पत्ता कोणालाही वाचता येतो. म्हणून नाव पसंत करण्याआधी त्याच्या शेपटाचे (डॉट सीए, डॉट यूएस अशा शेवटच्या भागाचे) नियम वाचावेत, पैसे भरल्यावर नव्हे.

सगळ्यात जास्त फसगत होते ती ‘संस्था’ या रकान्यात. रकाना रिकामा कसा सोडायचा म्हणून लोक तिथे स्वतःचंच नाव टाकतात. व्यक्तीच्या नावाचा रकाना झाकला जातो, पण २०१८च्या नियमांत संस्थेचा रकाना उघडा होता. आताच्या नियमांत तो दाखवायला धारकाची, म्हणजे डोमेन ज्याच्या नावावर आहे त्याची, संमती लागते, पण नोंदणीच्या घाईत संमतीची खूण न वाचता केली जाते. संस्थेचं नाव भरलं तर धारक म्हणून संस्थाच धरली जाते, हेही लक्षात असू द्या. व्यक्ती म्हणून डोमेन घेत असाल तर तो रकाना कोराच ठेवा.

नोंदणीनंतर लगेच आयकॅनच्या शोधपानावर आपलं डोमेन टाकून बघा. जानेवारी २०२५ पासून डॉट कॉमसारख्या डोमेनसाठी जुन्या हूइजची सक्ती संपली आहे आणि ही माहिती आता आरडीएपी या नव्या पद्धतीवरून येते. तिथे दिसतं तेच जगाला दिसतं. रजिस्ट्रारच्या पॅनलमधलं प्रायव्हसीचं हिरवं बटण हा पुरावा नव्हे.

“खोटं टाका, कोणी तपासत नाही.”

तपासतात. आयकॅनच्या करारानुसार नोंदणी झाल्यापासून १५ दिवसांत रजिस्ट्रारला धारकाचा ईमेल किंवा फोन पडताळावा लागतो. पडताळणीची लिंक दाबली गेली नाही आणि रजिस्ट्रारने स्वतःहून दुसऱ्या मार्गाने खात्री केली नाही, तर डोमेन स्थगित होतं. मग साइटही बंद आणि त्या डोमेनवरचा ईमेलही बंद. पुढे केव्हाही कोणी ‘ही माहिती खोटी आहे’ अशी तक्रार केली, तर रजिस्ट्रार धारकाला विचारणा करतो. १५ दिवसांत उत्तर आलं नाही किंवा माहिती जाणूनबुजून खोटी दिल्याचं दिसलं, तर डोमेन रद्द करायला तेवढं कारण पुरतं. म्हणजे तुमच्यावर राग असलेल्या माणसाला तुमची साइट पाडायची सोपी वाट तुम्हीच करून ठेवता.

दुसरं नुकसान उशिरा कळतं. खातं कोणी बळकावलं किंवा पासवर्ड हरवला, की रजिस्ट्रार ओळखपत्र मागतो आणि ते नोंदीतल्या नावाशी ताडून बघतो. काल्पनिक नावाचं ओळखपत्र कुठून आणणार? घाबरून नंतर नाव दुरुस्त केलं, तर अनेक रजिस्ट्रारांकडे तो धारकबदल मानला जातो आणि ६० दिवस डोमेन दुसरीकडे हलवता येत नाही. ट्रेडमार्कच्या वादात तर खोटी माहिती हा धारकाच्या वाईट हेतूचा पुरावा म्हणून पुढे केला जातो.

माहिती खरीच द्या, पण कोणती खरी माहिती द्यायची ते निवडा. घराऐवजी कार्यालयाचा किंवा टपालपेटीचा पत्ता चालतो का, हे रजिस्ट्रारला विचारा. ईमेल फक्त या कामापुरता वेगळा काढा, पण तो त्याच डोमेनवर ठेवू नका. डोमेनची मुदत संपली की तो ईमेलही बंद पडतो आणि खातं सोडवायचा कोड नेमका तिथेच येणार असतो. हा ईमेल नियमित बघितला पाहिजे, कारण मुदत संपण्याआधी साधारण एक महिना आणि एक आठवडा अशा दोन सूचना त्यावरच येतात.

“प्रॉक्सी घेतली की डोमेन तुमचं नाही.”

इथे दोन वेगळ्या सेवांची सरमिसळ झाली आहे. प्रायव्हसी सेवेत धारक तुम्हीच राहता, फक्त संपर्काचा तपशील दुसरा दिसतो. प्रॉक्सी सेवेत कागदोपत्री धारक ती कंपनी असते आणि वापराचा हक्क करारानं तुम्हाला मिळतो. भीती पूर्णपणे निराधार नाही, पण प्रॉक्सी कोणाची यावर सगळं ठरतं. रजिस्ट्रारची स्वतःची किंवा त्याच्या भगिनी कंपनीची सेवा असेल, तर खऱ्या ग्राहकाचं नाव आणि संपर्क त्याला नोंदवून त्रयस्थाकडे सुरक्षित प्रतीत ठेवावा लागतो. रजिस्ट्रार बुडाला तरी तुमची नोंद शिल्लक राहते. रजिस्ट्रारशी संबंध नसलेल्या प्रॉक्सीला हे संरक्षण नाही. आणि ‘प्रायव्हसीसाठी’ म्हणून वेबसाइट बनवणाऱ्याच्या नावावर डोमेन घेणं तर कटाक्षाने टाळा. तिथे मालक खरोखरच तो असतो.

प्रॉक्सी कायद्यापासून लपवत नाही, हे मात्र समजून घ्या. डोमेनच्या वादाची तक्रार दाखल झाली की रजिस्ट्रारला दोन कामकाजी दिवसांत धारकाची माहिती द्यावी लागते आणि निकाल सहसा नावासकट प्रसिद्ध होतो. ही सोय आहे जाहिरातवाल्यांपासून, बनावट नूतनीकरणाची बिलं पाठवणाऱ्यांपासून आणि पाठलाग करणाऱ्यांपासून बचावाची. तेवढ्यासाठी ती घेण्यासारखी आहे. सोय चालू केल्यावर नोंदीत दिसणाऱ्या पत्त्यावर किंवा फॉर्ममधून स्वतःला एक निरोप पाठवून बघा. तो पोहोचत नसेल तर खऱ्या कायदेशीर सूचनाही पोहोचणार नाहीत.

“नंतर केव्हाही लपवता येते.”

नोंदणीच्या नोंदी गोळा करून जुन्या प्रती विकणाऱ्या कंपन्या आहेत. तुमची माहिती एक दिवस उघडी राहिली तरी त्यांच्याकडे ती उतरलेली असू शकते, आणि तुम्ही पॅनलमध्ये काहीही बदललं तरी ती प्रत तशीच राहते. झाकण्याची सोय डोमेन विकत घेतानाच, पैसे भरायच्या पानावर चालू असली पाहिजे. रिन्यू करताना आणि डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेतानाही ती पुन्हा बघा, कारण नव्या ठिकाणी ती आपोआप चालू होईलच असं नाही.

नोंदणी नीट झाकली तरी नाव दुसरीकडून बाहेर पडतं. डीएनएसमध्ये (डोमेनवरून साइटचा ठिकाणा शोधून देणाऱ्या यंत्रणेत) एसओए नावाची एक नोंद असते. तिच्यात व्यवस्थापकाचा ईमेल असतो, त्यातला पहिला टिंब म्हणजे ॲटचं (@) चिन्ह. होस्टिंगचं पॅनल कधीकधी तिथे खात्याचा खासगी ईमेल बसवतं. संगणकाच्या टर्मिनलवर ‘डिग’ आज्ञेने एसओए नोंद मागून बघा आणि तसं आढळलं तर बदला. साइटच्या सुरक्षा प्रमाणपत्रात साधारणपणे मालकाचं नाव नसतं, पण ते ज्या उपडोमेनसाठी (मुख्य डोमेनआधी शब्द जोडून केलेल्या पत्त्यासाठी) काढलं त्या प्रत्येकाचं नाव सार्वजनिक नोंदवहीत जातं आणि तिथून पुसता येत नाही. उपडोमेनला स्वतःचं किंवा घरच्यांचं नाव देऊ नका, किंवा वाइल्डकार्ड (सगळ्या उपडोमेनना एकच चालणारं) प्रमाणपत्र घ्या.