‘वास्तवातलं काही घेऊ नका’ म्हणे!

‘डिस्टोपियन कथेचे पाच सुवर्णनियम’ (डिस्टोपियन म्हणजे भयाण, जुलमी समाज रंगवणारी) हा फॉरवर्ड सध्या लेखकांच्या ग्रुपांवर फिरतोय. फिरू दे बापडा, मी सोडून दिलं असतं. पण माझ्या भाचीनं तो मनावर घेतला आणि दिवाळी अंकासाठी लिहिलेल्या कथेतला सगळ्यात चांगला प्रसंग कापून टाकला.

हे पाप नियम दोनचं: ‘वास्तवातलं काहीही घेऊ नका, सगळं कल्पनेतलं हवं.’ साफ चूक. मार्गारेट अ‍ॅटवूड यांनी ‘द हँडमेड्स टेल’ (१९८५) लिहिताना नेमकी उलटी अट स्वतःला घातली होती: माणसांनी कुठे ना कुठे आधीच केलेलं नाही, असं काहीही कादंबरीत येणार नाही. बायकांवर बाळंतपणाची सक्ती? रुमानियात हुकूमशहा चाउशेस्कूनं १९६६ मध्ये हुकूम काढून गर्भपात जवळपास बंद केला. पुढे तर बायकांच्या तपासण्या कामाच्या जागी होऊ लागल्या. इतिहास पुसणं? स्टालिनच्या गुप्त पोलिसांचा प्रमुख बेरिया, त्याचं पतन झाल्यावर सोव्हिएत विश्वकोशाच्या वर्गणीदारांना नवी पानं आली: त्याची नोंद कापा, तिथे बेरिंग समुद्राची माहिती चिकटवा. सुचलं असतं असलं काही घरबसल्या?

भाचीच्या कथेत रेशन दुकानातल्या मशीनवर आजीचा अंगठा लागत नाही. जन्मभर भांडी घासून रेषाच गेल्यात. दुकानदार म्हणतो, ‘आजी, मला दिसताय हो तुम्ही, पण मशीन नाही म्हणतंय.’ आता त्या जागी मंगळावरचे ड्रोन आलेत. धन्य!

‘काळ किमान शंभर वर्षं पुढचा हवा’ यात थोडं तथ्य आहे, नाइलाजानं मान्य करतो. अंतर ठेवलं की लिहिणाऱ्याचा हात मोकळा होतो. रशियन लेखक झाम्यातिनची ‘वुई’ ही कादंबरी कित्येक शतकं पुढे घडते. सेन्सॉर मात्र त्यानं फसला नाही. १९२० च्या सुमाराला लिहिलेली ती कादंबरी रशियात छापून यायला १९८८ उजाडलं. आणि शंभरच का? जॉर्ज ऑर्वेल १९४९ च्या ‘१९८४’ या कादंबरीत पस्तीसच वर्षं पुढे गेला.

‘पहिल्याच पानावर सगळी व्यवस्था समजावून सांगा.’ त्याच ऑर्वेलच्या पहिल्या वाक्यात घड्याळं तेराचे टोले देतात, बस्स. ‘शेवटी नायक जिंकलाच पाहिजे.’ ‘१९८४’च्या शेवटी पार मोडून पडलेल्या विन्स्टन स्मिथला कळवा कुणीतरी.

राहिला पाचवा: ‘ऑर्वेलनं ४८ चं ८४ केलं, तसं चालू वर्ष उलटं करून शीर्षक द्या.’ हस्तलिखितात आधी १९८० आहे, ते खोडून १९८२, मग १९८४. पुस्तक रेंगाळलं तसं साल पुढे ढकललं, एवढंच त्यावरून दिसतं.