काका, कथील लावू नका

एका रविवारी भंगारवाल्याने माझा तांब्याचा बंब त्याच्या काट्याच्या आकड्याला अडकवून माझ्याच अंगणात उचलला आणि म्हणाला, "अकरा चारशे. दोन किलो मळी कापू."

मी बंब विकायला काढलाच नव्हता. माळ्यावरून उतरवला होता, आडवा पाडून आतली जुनी राख खरवडत होतो. फाटक उघडं राहिलं, एवढाच माझा गुन्हा.

"अरे, विकायचा नाहीये."

"आज नाही ना?" तो म्हणाला. त्या 'आज'वर त्याने जो जोर दिला, तो मला अजून बोचतोय.

बंब खाली का आणला, ते थोडक्यात. गच्चीवर दोनशे लिटरचा सोलर आहे. घेताना 'बारमाही कडक पाणी' असं ऐकलं होतं. जुलै-ऑगस्ट त्या बारा महिन्यांत धरत नसावेत. ढग आले की टाकीतली दोन किलोवॅटची कॉइल लावायची. मला हवी एक बादली, पण कॉइल तापवणार दोनशे लिटर. तीस अंश चढवायला सात युनिटं आणि साडेतीन तास. म्हणजे एका चहासाठी अख्ख्या लग्नाचं आधण ठेवायचं. बंबात वीस लिटर पाणी पाऊण-एक किलो लाकडात अंगाला चटका बसेल इतकं तापतं.

(धाकट्या पिढीसाठी: हा आग विझवणारा बंब नव्हे. तांब्याचं पिंप, मधोमध उभा नळा, नळ्याच्या बुडाशी बिडाची जाळी, तिच्याखाली राखेचा कप्पा. विस्तव नळ्यात, पाणी नळ्याभोवती. तोटी तळापासून चार बोटं वर असते, ती कारागिराच्या चुकीने नव्हे. तोटी बंद करायला विसरलात तरी विस्तवाभोवती थोडं पाणी उरावं, म्हणून.)

तर भंगारवाला. तो गेला नाही. उकिडवा बसला, बंबावर बोटाचं पेर आपटत गोल फिरला. टण्, टण्, टण्, थप्प. "नळ्याच्या बुडाला गेलाय बघा."

मी अर्थातच विश्वास ठेवला नाही. शास्त्रोक्त पद्धत अशी, की बंब कोरडा पुसायचा, नळ्याच्या सांध्याला खडूची पूड चोळायची, पाणी भरून रात्रभर ठेवायचा आणि सकाळी पूड कुठे ओली झाली ते बघायचं. बघितलं. थप्प वाजलं होतं तिथेच. मला एक रात्र लागली, त्याला दोन सेकंद. हे त्याला सांगायचं नाही असं ठरवलं होतं, पण सोमवारी तो फाटकातूनच "काय काका, बुडालाच ना?" म्हणाला.

झाळायच्या आधी क्षार काढणं भाग होतं. आमच्याकडे बोअरचं पाणी, आत भिंतीला पांढरा थर. हा थर नुसता दिसायला वाईट असतो असं नाही. तो विस्तव आणि पाण्याच्या मध्ये गोधडीसारखा बसतो, तांब्याची उष्णता पाण्यात जात नाही, पत्रा भलताच तापतो आणि सांधे तिथेच सुटतात. वीस लिटर गरम पाण्यात किलोभर लिंबाचं फूल विरघळवून रात्रभर ठेवलं, सांध्याला तात्पुरतं मेण चोपडून. सोड्यासारखं फसफसलं. सकाळी भंगारवाल्याच्याच काट्यावर वजन केलं. दहा सातशे.

"सातशे ग्रॅम निघाली मळी. तू दोन किलो कापत होतास!"

तो जराही ओशाळला नाही. "बाकीचं घसारा, काका."

मग सांध्याचा प्रश्न. प्लंबर म्हणाला, एपॉक्सीची पुट्टी भरू. ती सिंकखाली ठीक आहे, विस्तवाशेजारी मऊ पडते. दुसरे एक गृहस्थ म्हणाले, कथलाची झाळ मारा, दहा मिनिटांचं काम. मी कथील-शिशाची कांडी आणून पत्रा घासायला बसलो, तर फाटकातून आर्त हाक आली: "काका, कथील लावू नका!"

मला वाटलं, घरात काही झालं.

"कथील लावलं की तांबं दोन नंबरचं होतं. भाव पडतो!"

म्हणजे मी माझ्या बंबाची दुरुस्ती करत नव्हतो, त्याच्या मालाची नासधूस करत होतो. पुढची दहा मिनिटं त्याने मला तांब्याच्या जाती ऐकवल्या: चकचकीत वायर, स्वच्छ पत्रा, मग झाळेचा माल, रंग लागलेला माल. आवाजात कळकळ अशी, की मुलीच्या सासरी नीट वागवा म्हणून सांगायला आलेला बाप वाटावा. सगळ्यात चीड आणणारी गोष्ट अशी, की त्याचं म्हणणं बरोबर होतं. कारण भलतंच, पण म्हणणं बरोबर. कथील-शिशाची नेहमीची झाळ 183 अंशांना वितळते. पलीकडे पाणी आहे तोवर सांधा शंभराच्या आसपास राहतो आणि सगळं गोड असतं. एक दिवस कोणीतरी पाणी न भरता बंब पेटवतो, आणि झाळ राखेत टपकते. तिथे सातशे अंशांच्या पुढे वितळणारी तांबे-फॉस्फरसची कांडी वापरून ब्रेझिंगच करायला हवं. शेवटी कसबा पेठेत तांबट आळीला बंब नेऊन तसं करून घेतलं. भंगारवाल्याने परत आलेला सांधा डोळे बारीक करून पाहिला आणि "चालंल" म्हणाला. मला बरं वाटलं, याचाही मला राग आहे.

प्लंबरचं मात्र समाधान झालं नव्हतं. बंब सोलरच्या पाइपला जोडून टाकू, म्हणाला. तोंडातून पाणी वर येईल त्याचं काय? "तोंडाला घट्ट बूच मारू." गच्चीवरची टाकी सहा मीटर वर. बंबाचा वरचा पत्रा तीस सेंटिमीटर व्यासाचा, त्यातून दहाचा नळा वजा केला तरी त्या पातळ पत्र्याला खालून पावणेचारशे किलोचा रेटा. वर बूच आणि खाली विस्तव! बंबातला एक स्वर बदलला की काय होतं, ते त्याला समजावलं. बंबाचं तोंड उघडंच राहिलं पाहिजे. सोलरचा नळ तोंडाच्या चार बोटं वर आणून सोडला, मध्ये हवा. ढगाळ दिवशी तिथून पस्तीस अंशांचं कोमट पाणी येतं, ते साठपर्यंत न्यायला पाव हिश्श्याहून जास्त लाकूड वाचतं. तोटीला लोखंडी निपल लावत होता, तेही काढायला लावलं. तांब्याशेजारी ओलं लोखंड वर्षा-दोन वर्षांत गंजून जातं. पितळीच हवं.

बंब मागच्या उघड्या पडवीत ठेवलाय. न्हाणीघरात आणा म्हणणाऱ्यांनी दार लावून कोळशाचा धूर घेतल्यावर माणूस बेशुद्ध कसा पडतो, ते आधी वाचावं. आता घरातले सगळे "बंबाचं पाणी वेगळंच हो" म्हणत रांगेत उभे असतात. राख काढायला रांग नाही. जाळी राखेने बुजली की धूर उलटा येतो, मग सगळे मिळून माझ्याकडे बघतात.

राहिला बंबफोडीचा, म्हणजे बंबात घालायच्या फोडलेल्या लाकडांचा प्रश्न. वखारी उरल्यात कुठे? करवंट्या दहा दिवसांत संपल्या. काल फाटकात भंगारवाला हजर, हातगाडीवर पेटाऱ्यांची फोडलेली लाकडं. तोच काटा, तोच आकडा. "पंधरा किलो, काका. घरचं गिऱ्हाईक म्हणून."

मी एक तुकडा उचलला. रात्रीच्या पावसात चिंब. खिळेसुद्धा होते, पण ते राखेतून काढता येतात. ओलं लाकूड आधी स्वतःतलं पाणी उकळण्यातच जीव घालवतं आणि नुसतं धुमसतं. मला अचानक स्फुरण चढलं. इतक्या दिवसांचा हिशेब होता.

"चार किलो पाणी कापू," मी म्हणालो.

तो शांतपणे काटा गुंडाळत म्हणाला, "काका, पाणीच तापवायचंय ना तुम्हाला?"