घारापुरीला चपला काढायच्या का?

'विद्यार्थ्यांनी कलाकृतीकडे आधी इतिहास म्हणून बघावं, श्रद्धा आणि नीतीचे प्रश्न नंतर' हे एका लेखात वाचलेलं मत मला पटलं नाही. मी मुंबईत बीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. मागच्या हिवाळ्यात आमचा वर्ग गेटवेवरून लाँचने घारापुरीला, म्हणजे एलिफंटाची लेणी बघायला गेला होता. तासाभराचा प्रवास, मग त्या दमवणाऱ्या पायऱ्या. लेण्याच्या तोंडाशी माझी मैत्रीण थांबली आणि तिने चपला काढल्या. वर्गातला एक मित्र म्हणाला, अगं, हे १९८७ पासून जागतिक वारसा स्थळ आहे, देऊळ नाही. ती म्हणाली, महाशिवरात्रीला माझी आजी इथे येऊन हात जोडते, मग तेव्हा हे काय असतं?

यावर आमचा वाद बराच वेळ चालला. तोही शिवाचे तीन चेहरे दाखवणाऱ्या सदाशिवाच्या त्या प्रचंड मूर्तीसमोर! आपल्या डाव्या हाताला मिशीवाला, उग्र अघोर. उजवीकडे हातात कमळ धरलेला, कोवळ्या ओठांचा वामदेव. मध्ये मिटल्या डोळ्यांचा शांत चेहरा. राग आणि माया एकाच दगडात, एकाच खांद्यांवर. संताप वाईटच असतो का, हा प्रश्न मला वर्गात कधी पडला नव्हता, तो तिथे पडला. शैली, कालखंड वगैरे मी नंतर वाचलं, आणि त्या प्रश्नामुळेच आवडीने वाचलं.

परतताना लाँचवरही आम्ही त्यावरच बोलत होतो. मैत्रिणीच्या तळव्यांना अजून लेण्यातली धूळ होती.