एक्याऐंशी कोटी वजा झाले, उरला एक

भाद्रपद जवळ आला की मला सल्ला द्यायला दोन प्रकारची माणसं येतात. पहिली म्हणतात, "सुटलीस ना त्या पंथातून? मग बसव की घरी गणपती. आता कोण अडवतंय?" दुसरी म्हणतात, "म्हणजे तू नास्तिकच झालीस. मग तसं सरळ लिही ना, घाबरतेस कशाला?" दोघांनीही माझं परस्पर ठरवून टाकलेलं असतं. म्हणून एकदा नीट लिहून ठेवते. पोस्ट लांब आहे, आधीच सांगते.

माझा जन्म महानुभाव घरातला. अमरावती जिल्हा, मोर्शी तालुका. रिद्धपूरला जाणं आमच्यासाठी यात्रा नव्हती, बाजाराला जाण्यासारखंच होतं. आजी, अण्णा, आई सगळे उपदेशी, म्हणजे पंथाचा उपदेश (दीक्षा) घेतलेले. आल्या-गेल्याला नमस्कार नाही, 'दंडवत प्रणाम'. बाहेरच्या लोकांना आमच्याबद्दल साधारण एवढंच ठाऊक असतं: हे लोक कृष्णाला मानतात, यांचे साधू काळ्या कपड्यात असतात आणि हे प्रसाद खात नाहीत. यातली तिसरी गोष्ट लोकांच्या पक्की लक्षात राहते, कारण तिचा त्यांना राग आलेला असतो.

राग यावा असंच ते होतं. मैत्रिणीकडे सत्यनारायण असला की तिची आई प्रेमाने हातावर शिरा ठेवायची. अन्यदेवतेचा प्रसाद, तो खायचा नाही. नाही म्हटलं तर त्या माउलीचं तोंड उतरायचं. मग मी तो मुठीत धरून बाहेर यायचे आणि कोपऱ्यावरच्या कुत्र्याला घालायचे. त्या कुत्र्याचं पुढे काय होणार, हा माझ्या आयुष्यातला पहिला धार्मिक प्रश्न. आजीला विचारला तर ती म्हणाली, "त्यानं कुठी उपदेश घेतला?" उत्तर बिनतोड होतं.

पंथाचे संस्थापक चक्रधर स्वामी, त्यांचा अवतार दिन भाद्रपद शुद्ध द्वितीयेला. गावात मांडवांचे बांबू रोवले जात असताना आमच्या घरचा उपहार, विडा अवसर (स्वामींना नैवेद्य आणि विडा अर्पण करणं), पंगत सगळं उरकलेलं असायचं. दोन दिवसांनी सगळ्या गल्लीत आरत्या सुरू व्हायच्या आणि आमचं घर सुतकासारखं शांत. लहान पोराला हे जड जातं. पण त्याच्यामागे जो विचार होता तो फार कडक आणि, मला अजूनही वाटतं, फार हुशार होता.

पंथ चार पदार्थ मानतो: जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर. चारही अनादि, चारही वेगवेगळे. देवता खोट्या आहेत असं पंथ म्हणत नाही. त्या आहेत, त्यांची मोजदादसुद्धा आहे: एक्याऐंशी कोटी सव्वा लाख दहा. आपापल्या अधिकाराप्रमाणे त्या फळही देतात. पैसा, संतती, स्वर्ग. पण सगळं संपणारं. मोक्ष देणारा परमेश्वर तेवढा एक, आणि तोही जिवांवरच्या कृपेने अवतार घेतो तेव्हा. श्रीकृष्ण, दत्तात्रेय प्रभू, चांगदेव राऊळ, गोविंदप्रभू आणि चक्रधर असे ते पंचकृष्ण. त्यांच्या नामाचं, मूर्तीचं, लीळांचं, चेष्टांचं स्मरण करत राहायचं. माणसाने करायचं ते एवढंच.

आता हे आठ-दहा वर्षांच्या मुलीच्या डोक्यात कसं बसतं ते बघा. परीक्षेत पास व्हायचंय? ते परमेश्वराला मागायचं नसतं. पाऊस, पीक, आजीचे गुडघे? तेही नाही. नवस तर नाहीच नाही. मी एकदा अण्णांना विचारलं, मग परमेश्वर देतो काय? "मोक्ष." आणि आत्ता? "आत्ता तू स्मरण कर." माझ्या वर्गातल्या बाकी मुली देवाशी रोज देवाणघेवाण करत होत्या, भांडत होत्या, अकरा नारळांचं आमिष दाखवत होत्या. मला लहानपणापासून देवाकडे मागायचं कसं हेच शिकवलं गेलं नाही. हे वाचताना काहींना वाटेल की केवढी ही दरिद्री भक्ती. मला तसं कधी वाटलं नाही. उलट मोठं झाल्यावर वाटायला लागलं की पंथाने मला जवळजवळ पूर्ण नास्तिक करून ठेवलं होतं, फक्त एक जागा राखून.

पंथ सोडण्यात काही नाट्य नाही. लग्न पंथाबाहेर केलं, आधी थोडं भांडण, मग अबोला, मग नात झाल्यावर सगळं सुरळीत. पण त्याच्या आधीची काही वर्षं मी फार तणतणत काढली. याच्या हातचं खायचं नाही, त्या मांडवाखालून जायचं नाही, अमक्या मठाचा तमक्या मठाशी वाद. प्रत्येक नियमावर मी अण्णांशी वाद घातला. आणि त्यात माझे सगळे संशय नियमांवरच खर्च झाले. ज्याच्या नावाने हे नियम होते तो आहे की नाही, हा प्रश्न मला त्या काळात एकदाही पडला नाही. तो पडला बाहेर आल्यावर, भांडायला समोर कोणी उरलं नाही तेव्हा. कडक घरातून बाहेर पडलेल्या इतर धर्मांतल्या मैत्रिणींशी बोलते तेव्हा त्यांचंही असंच काहीतरी ऐकायला मिळतं. आत असताना प्रश्न डोक्यावरच्या कपड्याचा असतो, ताटातल्या पदार्थाचा असतो. देवाची पाळी फार उशिरा येते.

मी आता हैदराबादला असते. स्वामींनी अनुसरलेल्यांना (संन्यास घेतलेल्यांना) कानड देशात, तेलंग देशात जाऊ नका, महाराष्ट्रात राहा असं बजावलं होतं, त्यामुळे मामा अजूनही फोनवर "तेलंग देशातून बोलतेस का" असं विचारून हसतो. या तेलंग देशातच, २०२० च्या टाळेबंदीत, मी लीळाचरित्र, म्हणजे म्हाइंभटांनी लिहिलेलं चक्रधर स्वामींचं चरित्र, पहिल्यांदा स्वतःहून, सलग वाचलं. लहानपणी ऐकलेलं होतं, तेही प्रवचनातून, अर्थ लावून दिलेलं. स्वतः वाचणं वेगळंच.

आणि माझा देव तिथेच हरवला, त्या पोथीत. मला तिचा राग आला असता तर सोपं झालं असतं. मी तिच्या प्रेमात पडले. पारध्यांपासून पळणारा ससा स्वामींच्या जांघेखाली येऊन लपतो आणि ते त्याला देत नाहीत. "तुमचेनि मुंगी रांड न होआवी" (तुमच्यामुळे मुंगीसुद्धा विधवा होऊ नये) असं एका वाक्यात कोण बोलून जातं? विटाळाबद्दल एक बाई संकोचते, तर ते सांगतात की शरीराच्या बाकी स्रावांसारखाच हाही एक, त्यात विटाळ कसला. तेराव्या शतकात. आपल्याकडे अजून कित्येक घरांत हे पोचलेलं नाही (आणि हो, पंथातल्याही काही घरांत नाही, तो वेगळा विषय). जेवणं, झोपणं, चालणं, रागावणं, थट्टा, शिष्यांची आपसातली कुरबूर, सगळं त्यात आहे. एक विलक्षण माणूस पानापानांतून चालत येतो. परमेश्वर मात्र मला दिसेना. जिथे दिसायला हवा होता तिथे प्रत्येक वेळी माणूसच दिसला, आणि तो इतका पुरेसा वाटला की आणखी कोणाची गरजच वाटेना.

म्हाइंभटांबद्दल दोन शब्द लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. स्वामी गेल्यावर या माणसाने ज्यांनी ज्यांनी त्यांना पाहिलं होतं त्यांच्याकडे जाऊन आठवणी गोळा केल्या आणि स्वामींनंतर पंथ सांभाळणाऱ्या नागदेवाचार्यांकडून तपासून घेतल्या. एकाच लीळेबद्दल दोघांचं सांगणं वेगळं असेल तर पोथ्यांमध्ये दोन्ही पाठ नोंदलेले सापडतात. अमक्याच्या मते असं, तमक्याच्या मते तसं. गोविंदप्रभूंच्या चरित्रात तर ही सचोटी कमाल आहे. रिद्धपुरात ते मुलांमध्ये खेळतात, कोणाच्याही घरात शिरून खातात, जात बघत नाहीत, स्वतःशी बोलतात, चिडतात. गावातले काही म्हणतात, "राउळ वेडे, राउळ पिसे." आणि काही म्हणतात, "राउळ माए, राउळ बाप." दोन्ही वाक्यं चरित्रात जशीच्या तशी. शंका घेणाऱ्यांना पुसून टाकावं असं लिहिणाऱ्याला वाटलेलं दिसत नाही.

पण माझी अडचण तिथूनच सुरू झाली. ते वेडे वागले तरी ती ईश्वरी चेष्टा, शहाणे वागले तरी ईश्वरी चेष्टा. आजार झाला तर अवताराने घेतलेलं सोंग, आजार बरा केला तर सामर्थ्य. मी स्वतःला विचारलं, यातली कुठली लीळा वेगळी घडली असती तर आपण म्हणालो असतो की हा परमेश्वर नव्हे? एकही सापडली नाही. मामाला हे सांगितलं तर त्याने हत्ती आणि आंधळ्यांचा दृष्टांत काढला. तो आमच्याकडे दृष्टांतपाठात, म्हणजे स्वामींच्या दृष्टांतांच्या संग्रहात, आहे. तू शेपटीला हत्ती म्हणतेस, तो म्हणाला. असेल. पण त्या गोष्टीत अख्खा हत्ती दिसणारा एक डोळसही असावा लागतो, नाहीतर ते आंधळे आहेत हे सांगितलं कोणी? मी त्या डोळसाबद्दलच विचारतेय. मामा म्हणाला, बोलण्यात तू पहिल्यापासून पुढे.

दुसरी अडचण जास्त घरगुती आहे. जाळीच्या देवाला किंवा पंथाच्या अशाच काही ठिकाणी बाधा झालेली माणसं आणतात. घुमणाऱ्या बाया मी लहानपणी पाहिल्यात, घाबरून आईच्या मागे लपलेही. पंथाचं स्पष्टीकरण असं की ही भुतंखेतंही खालच्या दर्जाच्या देवताच, आणि परमेश्वराचा स्पर्श झालेल्या स्थानापुढे त्यांचं चालत नाही. ठीक. पण मग परमेश्वर ऐहिक काही देत नाही हे कुठे राहिलं? माझ्या आजीच्या गुडघ्यांसाठी मागायचं नाही, आणि परगावच्या बाईचं भूत मात्र तिथल्या ओट्यावर उतरणार? यावर अण्णांनी मला बरंच काही समजावलं. मला ते पटलं नाही, आणि पटलं नाही हे त्यांना कळलं.

२०२१ च्या एप्रिल-मेमध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, सगळ्यांकडे झालं तसं आमच्याकडेही झालं. सासरच्यांनी देवाला शिव्या घातल्या, देव्हारा काही दिवस बंद ठेवला, मग परत उघडला. मला ते करता येईना. शिव्या कोणाला घालणार? माझ्या परमेश्वराने कधी कोणाला वाचवायचं कबूलच केलं नव्हतं. दुःख येतं ते जिवाच्या अनादि अविद्येपायी, कर्मापायी, त्याचं फळ भोगवतात देवता. परमेश्वराच्या अंगाला काहीही चिकटत नाही. जगातल्या दुःखाचा सवाल बाकीच्या धर्मांना इतका छळतो, आमच्याकडे तो आधीच निकालात काढलेला. पूर्वी मला या मांडणीचा अभिमान होता. त्या दोन महिन्यांत पहिल्यांदा वाटलं की जो कशालाच जबाबदार नाही, तो असण्यात आणि नसण्यात मला फरक कसा कळावा?

आता त्या दोन सल्ल्यांकडे येते. गौरींच्या वेळी सासूबाईंनी एकदा मला पुढे केलं. "तू मोठी सून, तू कर पूजा." मला नाही जमलं. पाप लागेल म्हणून नव्हे, ती भीती केव्हाच गेली. पण हात जोडून काही मागायचं म्हटलं की मला अजून हसू येतं, शिऱ्याच्या वेळी यायचं तसंच. पंथ सुटला तरी पंथाने वजा केलेल्या एक्याऐंशी कोटी काही परत आल्या नाहीत. सासूबाईंना वाटलं मी अजून आतून महानुभावच आहे. स्वयंपाक मी केला, पुरण त्यांच्यापेक्षा बरं झालं, विषय मिटला.

आणि विवेकवादी मित्रांचं म्हणाल, तर त्यांच्या एका बैठकीला मी आवडीने गेले होते. नवस, अंगारे, कोंबडं-बकरं, मुहूर्त, सोवळं-ओवळं. एकेक गोष्ट ते खोडत होते आणि मी मनात म्हणत होते, हे सगळं आमच्या आजीने मला पाचव्या वर्षी खोडून दिलंय. आजीला सहीपुरतंच लिहिता यायचं. पण पंथातले पंडित केशोबास संस्कृतात लिहू लागले तेव्हा नागदेवाचार्य त्यांना "येणे माझिया म्हातारिया नागवतील" (याने माझ्या म्हाताऱ्या ज्ञानाला मुकतील) असं म्हणाले होते, त्या म्हाताऱ्यांच्या ओळीतली ती शेवटची. जीव-देवता-प्रपंच-परमेश्वर यावर ती कोणाशीही तासभर बोलू शकायची. त्या बैठकीत तिला कोणी अंधश्रद्धाळू म्हटलं असतं तर मी उठून आले असते.

तर मी काय आहे? परमेश्वर नाही असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही, कारण ज्याची मला ओळख करून दिली तो नसल्याचं कुठलंच चिन्ह असू शकत नाही अशी त्याची रचना आहे. आहे असंही आता म्हणवत नाही, त्याच कारणाने. चक्रधर स्वामींवर माझा जीव आहे. तो एका माणसावर आहे असं मी म्हणते आणि आईला त्याचं जास्त वाईट वाटतं. "सोडून दे म्हटलं तर चाललं असतं वं, पण माणूस काहून म्हणतेस?" तिचं हे दुःख मला कळतं. तिला खोटं सांगणं मात्र जमत नाही.

पंथातले जाणते लोक ही पोस्ट वाचतील, काही माझे नातेवाईकच आहेत. तुम्ही रागावणार हे धरून चालले आहे. पण स्वामींच्या शिष्या महदाइसा त्यांना सारखं काही ना काही विचारत असायच्या आणि स्वामींनी त्यांना कधी गप्प बसवलं नाही, त्या आधारावर एक विचारते. परमेश्वर कळतो तो त्याच्या सन्निधानात, म्हणजे प्रत्यक्ष सहवासात, असं आपण मानतो. ते सन्निधान सातशेहून जास्त वर्षांपूर्वी संपलं. आपण सगळे असन्निधानातले. आपल्या हाती उरल्या त्या ज्यांनी पाहिलं त्यांच्या आठवणी, आणि त्या आठवणी मी मन लावून वाचल्या. त्या वाचून एखाद्याला माणूसच दिसला, तर त्याचं काय करायचं, याबद्दल पंथाचं म्हणणं काय आहे? प्रवचन नको. सूत्र, लीळा, दृष्टांत, जे असेल ते पाठवा, मी वाचेन.