ड्रिल खाली ठेवा: शॉर्ट स्केल बेसवरच्या फॉरवर्डचा प्रतिवाद

'शॉर्ट स्केल बेसचे सत्य' नावाचा एक मेसेज (शॉर्ट स्केल म्हणजे नेहमीच्या ३४ इंचांऐवजी साधारण ३० इंच तारेचा बेस गिटार) सध्या बेसवाल्यांत आणि हौसेने वाद्ये बनवणाऱ्यांत फिरतो आहे. सहा मुद्दे, प्रत्येकापुढे लाल ठिपका, लिहिणाऱ्याचे नाव कुठेच नाही. भाच्याने तो मला पुढे ढकलला आणि खाली एकच ओळ लिहिली: "मामा, ड्रिल आहे का?" त्यामुळे मुद्दे त्यांच्या क्रमाने घेत बसत नाही. ज्याने वाद्य कायमचे बिघडेल तो आधी.

मुद्दा ३: "३४ इंची बेसचा ब्रिज चार इंच पुढे सरकवा, ३० इंची शॉर्ट स्केल तयार. खर्च शून्य."

खर्च शून्य कसला, एक अख्खा बेस. स्केल म्हणजे नटपासून (नेकच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी) सॅडलपर्यंत (बॉडीवरच्या ब्रिजमधला तारेचा टेकू) तारेची मोकळी लांबी, आणि फ्रेट, म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, ठोकलेले असतात ते त्याच लांबीच्या हिशेबाने. स्केलला १.०५९४६ ने भागा, पहिल्या फ्रेटपासून सॅडलपर्यंतची तार मिळते. आलेल्या उत्तराला पुन्हा भागा, दुसऱ्यापासूनची मिळते. असे बारा वेळा केले की बरोबर निम्मी उरते. म्हणून ३४ इंची नेकवर बारावा फ्रेट नटपासून १७ इंचांवर असतो.

आता ब्रिज चार इंच पुढे आला. फ्रेट हलले का? नाही. बारावा फ्रेट अजून १७ वरच आहे आणि त्याच्यापुढे तार उरली १३ इंच. ३० ला १३ ने भागा: वरच्या सप्तकासाठी २ यायला हवे होते, येतात २.३. बारा अर्धस्वरांच्या जागी जवळजवळ साडेचौदा. मोकळी ई, म्हणजे सर्वांत जाड तार, नीट लावून बारावा फ्रेट दाबला तर वरची ई नाही, एफ शार्प आणि जी यांच्या मधले काहीतरी ऐकू येते. पहिल्या फ्रेटवर चूक १४ सेंटची (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) असते, तिथे कान कदाचित चालवून घेईल. तिसऱ्यावरच ती ४४ सेंट, म्हणजे जवळजवळ अर्धा अर्धस्वर होते. सॅडलचे स्क्रू फिरवून हे सुटणार नाही. सॅडलला सरकायला दीड-दोन सेंटिमीटर मिळतात आणि चूक दहा सेंटिमीटरची आहे. मागे बॉडीला चार-पाच भोके राहतात ती वेगळीच.

लांबी कमी करायची तर ती नटच्या बाजूने. ३४ इंची बेसवर दुसऱ्या फ्रेटपासून सॅडलपर्यंत ३०.२९ इंच तार उरते आणि तिथून पुढचे सगळे फ्रेट त्या लांबीला बिनचूक बसतात. हे वाचून कुणी करवत काढेल म्हणून सांगतो: हेडस्टॉक (खुंट्यांचे डोके) आणि ट्रस रॉडचे, म्हणजे नेक सरळ ठेवणाऱ्या आतल्या सळईचे, टोक त्याच बाजूला आहेत, तिथे कापायचे नसते. बॉडी आणि ब्रिज जागेवर ठेवून ३० इंची नेक बसवता येते, पण मोजून. २० फ्रेटच्या ३४ इंची नेकचा शेवटचा फ्रेट सॅडलपासून २७२ मिमीवर असतो. ३० इंची नेकवर २६९ मिमीवर येतो तो अठरावा. म्हणजे जुन्या खोबणीत नवी नेक साधारण अठराव्या फ्रेटपाशी संपते. वीसच हवे असतील तर फिंगरबोर्ड बॉडीवर पुढे काढावा लागतो. तिथे पिकअप (तारेचा कंप पकडणारे चुंबक) आडवा येतो का, ते नेक मागवण्याआधी बघायचे.

मुद्दा ४: "तारा कुठल्याही चालतात. लांब सेट आणा, जास्तीचे कापून टाका."

दुसरा घातकी सल्ला. बेसची जाड तार टोकापर्यंत सारख्या जाडीची नसते. नटच्या पलीकडे ती निमुळती होते, कारण ट्यूनरच्या खुंटीभोवती पूर्ण जाडीची तार वळत नाही. लांब स्केलची ई ३० इंची बेसवर चढवली की निमुळता भाग कापला जातो आणि जाड भाग खुंटीवर येतो. मग वरचे वेष्टण वाकताना उघडते, खुंटीच्या खाचेत तार बसत नाही, सूर टिकत नाही, आणि बऱ्याचदा ती तिथेच तुटते. वर सरळ कात्री लावली तर वेष्टण आतल्या गाभ्यावरून सुटते आणि तार पहिल्याच दिवशी मेल्यासारखी वाजते. गाभा गोल असेल तर हमखास. कापावीच लागली तर आधी पकडीने काटकोनात पक्की दुमडा आणि दुमडीच्या पुढे सेंटिमीटरभर सोडून कापा.

उलटी चूकही होते. 'शॉर्ट स्केल' लिहिलेला सेट प्रत्येक शॉर्ट स्केलला पुरतोच असे नाही. मोजायचे ते तारेच्या टोकाची गोळी जिथे टेकते तिथपासून नटपर्यंतचे अंतर. बॉडीतून मागून तारा घालायच्या असतील तर बॉडीची जाडी त्यात धरा. व्हायोलिनच्या आकाराच्या बेसवर तारा टेलपीसला अडकतात, तिथे हे अंतर बरेच वाढते. पूर्ण जाडीचा भाग नट ओलांडून गेलाच पाहिजे. तारेच्या टोकाची रेशमी गुंडाळी किंवा निमुळता भाग नटवर आला तर मोकळी तार बोदी लागते आणि लोक नावे ठेवतात बेसला.

जाडीबद्दल मात्र मेसेजमध्ये अवाक्षर नाही, आणि खरी गोम तिथे आहे. डॅडारिओ ही तारा बनवणारी कंपनी आपल्या तारांचे ताणाचे कोष्टक प्रसिद्ध करते. त्यात प्रत्येक तारेचे दर इंचाचे वजन आणि एक सूत्र असते: दर इंचाचे वजन, गुणिले (२ × लांबी × कंपनसंख्या) याचा वर्ग, भागिले ३८६.४. लांबी इंचांत घातली की ताण पौंडांत मिळतो. सूत्रात लांबीचा वर्ग आहे हे लक्षात घ्या. तीच तार, तोच सूर, पण ३४ ऐवजी ३० इंच, तर ताण ७८ टक्क्यांवर येतो: ४० पौंडांचे ३१. बोटांना हलके वाटते ते यामुळे, आणि ई ढिली वाटते तीही यामुळेच. जुना ताण परत हवा असेल तर जाडी ३४/३० पटीने वाढवा, म्हणजे १०५ च्या जागी (आकडे इंचाच्या हजाराव्या भागांत) साधारण ११९. बहुतेकांना ११० पुरते. नटची खाच त्या जाडीला घासून घ्या, नाहीतर सूर लावताना तार टक् करून उडी मारते. जाड आणि आखूड तारेचे सॅडल जास्त मागे जाते, म्हणून नवा बेस बांधताना ब्रिज असा बसवा की सर्वांत बारीक जी तारेचे सॅडल जवळजवळ पुढच्या टोकाला असेल आणि ईला मागे सरकायला सगळी जागा मोकळी राहील.

मुद्दा ६: "ताण कमी, म्हणून बांधणाऱ्यांनी ट्रस रॉडवर पैसे घालवू नयेत." वरचेच गणित करा. चार तारांचे मिळून १६० पौंड धरले तरी ३० इंचांवर १२५ उरतात. दहाच्या सेटच्या (सर्वांत बारीक तार इंचाचे दहा हजारांश) साध्या इलेक्ट्रिक गिटारवर सहा तारांचे मिळून १०० च्या आसपास असतात आणि तिलाही ट्रस रॉड लागतो. पुढचा मुद्दा.

मुद्दा २: "ई स्वराची लाट आठ मीटरची असते, ती ३० इंची तारेत मावत नाही, म्हणून खरा खर्ज येत नाही."

लाट सव्वाआठ मीटरची असते हे खरे, पण हवेत. ४१.२ हर्ट्झची ती लाट ३४ इंचांत तरी कुठे मावते? डबल बेसची तार मीटरभराच्या जराशी वर असते. तिच्यातही मावत नाही. तारेचा सूर लांबी, ताण आणि वजन मिळून ठरतो, आणि तिन्ही जुळले की ३० इंची तार सेकंदाला ४१.२ वेळाच कंप पावते. विज्ञानाचा एक शब्द आला की मेसेज खरा वाटतो, तेवढ्यासाठी ही लाट आणली आहे.

मुद्दा १, "लहान मुलांचे खेळणे". बीटल्सच्या मॅकार्टनीचा हॉफनर, क्रीमच्या जॅक ब्रूसचा गिब्सन ईबी-३, टॉकिंग हेड्सच्या टीना वेमाउथचा फेंडर मस्टँग. तिन्ही शॉर्ट स्केल. हात लहान असो वा मोठा, पहिल्यापासून चौथ्या फ्रेटपर्यंतचे अंतर ३४ इंचांवर १३० मिमी आणि ३० इंचांवर ११४ मिमी असते. दर बोटाला एक फ्रेट ठेवून दोन तास वाजवणाऱ्याच्या मनगटाला हे १६ मिमी कळतात.

राहिला मुद्दा ५, "आवाज गढूळ". इथे थोडे मान्य करावे लागेल, नाइलाजाने. तीच तार ३० इंचांवर लावली की तिच्या ताठरपणामुळे वरचे स्वरांश, म्हणजे मूळ सुरासोबत वाजणारे वरचे सूर, शुद्ध जागेपासून जास्त सरकतात. हिशेबाने (३४/३०) चा चौथा घात, म्हणजे सुमारे १.६५ पट. ईमधली पियानोसारखी कणखर गुरगुर लाँग स्केलवर सहज येते, शॉर्ट स्केलवर मागून घ्यावी लागते. आणि ३० इंचांवर ईच्याही खालची बी तार लावणाऱ्यांना मी तरी थांबवेन.

पण ज्या चिखलाबद्दल मेसेज बोलतो तो बहुतेक गिब्सन ईबी-० चा आहे, आणि त्याचे कारण स्केल नाही. त्या बेसला एकच भलामोठा हमबकर (दोन कॉइलचा पिकअप) होता आणि तो नेकला चिकटून बसवलेला. तिथे कुठलीही तार गढूळच ऐकू येईल. जॅझ बेसवादक स्टॅनली क्लार्कचा अलेंबिक ३०.७५ इंची आहे. त्या आवाजाला गढूळ म्हणून दाखवा. बांधणाऱ्यांसाठी एवढेच: पिकअपची जागाही स्केलच्या प्रमाणात हलवा. आवडत्या ३४ इंची बेसवर तो सॅडलपासून १५० मिमीवर असेल, तर ३० इंचांवर १३२ मिमी. तसाच १५० वर ठेवला तर तुम्ही तो नेककडे सरकवला आहे.

भाच्याला पाठवलेले उत्तर असे: बेसच्या चारही तारा एक स्वर खाली उतरव, म्हणजे डी, जी, सी, एफ. मजबूत स्प्रिंगचा कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, दुसऱ्या फ्रेटला अगदी लागून लाव. ई घरघरली तर कॅपो आणखी फ्रेटकडे दाब. आता तुझ्या हातात ई, ए, डी, जी लावलेला ३०.२९ इंची बेस आहे, ताणही त्या लांबीवर त्याच तारांचा जेवढा असेल तेवढाच. आठवडाभर वाजव. हात रमला तर नेकचे मोजमाप घेऊन ये. ड्रिल माझ्याकडेच राहील.