खुलासा : परदेशात जुनी बोट घेताना रोख रक्कम

'दहा हजारांपेक्षा जास्त रोकड घेऊन सीमा ओलांडणं बेकायदा आहे, म्हणून बोटीचे पैसे घरच्यांत वाटून न्या' असा सल्ला फिरतोय. तो चुकीचा आहे आणि महागात पडू शकतो.

युरोपीय संघात आणि अमेरिकेत रोकड नेण्यावर बंदी नाही, ती लपवण्यावर आहे. युरोपीय संघात येता-जाताना 10,000 युरो किंवा त्याहून जास्त रक्कम असेल तर सीमाशुल्क विभागाला लेखी कळवावं लागतं. अमेरिकेत 10,000 डॉलरच्या वर तोच नियम आहे, आणि एकत्र प्रवास करणाऱ्या कुटुंबाची रक्कम एकत्रच मोजली जाते. म्हणजे तिथे वाटून नेऊन काहीच साधत नाही. न कळवलेली रोकड मात्र जप्त होऊ शकते. अर्ज भरायला पैसे पडत नाहीत, मग ही जोखीम का घ्यायची?

मर्यादा असते ती व्यवहारावर, आणि ती देशागणिक वेगळी. स्पेनमध्ये एक बाजू व्यावसायिक असेल, उदाहरणार्थ बोटींचा डीलर, तर 1,000 युरोंपासून पुढे रोखीने व्यवहार करता येत नाही. तिथे राहत नसलेल्या खाजगी ग्राहकासाठी मर्यादा 10,000. आधी हे तपासा.

माझं मत विचाराल तर नोटांची बॅग घेऊन धक्क्यावर जाऊच नका. विक्रेत्याच्या बँकेत दोघांनी मिळून जावं. तिथे यंत्रावर नोटा मोजल्या जातात, खोट्या ओळखल्या जातात. त्याच टेबलावर विक्रीपत्र आणि रक्कम मिळाल्याची पावती सही करून घ्यावी. बोटीवर कर्जाचा बोजा नाही ना, याची खात्री मात्र त्याआधीच करायची; बोजा राहिला तर तो बोटीबरोबर तुमच्याकडे येऊ शकतो.