‘कंपनीच्या कामाला घेतलेली भाड्याची गाडी ठोकली तर आपला एक रुपयाही जात नाही’: या मेसेजला उत्तर

नागपुरातल्या सेल्सवाल्यांच्या, सर्व्हिस इंजिनिअरांच्या आणि एमआर (औषध कंपन्यांच्या प्रतिनिधी) मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्यात म्हटलंय की कंपनीच्या कामासाठी सेल्फ-ड्राइव्ह गाडी घेतली आणि ठोकली, तर घाबरू नका. गाडीचा फुल इन्शुरन्स असतोच. बिल कंपनीच्या नावावर असलं की तुमचा संबंध संपला. डिपॉझिट कापणं बेकायदा आहे. आणि पोलिसांच्या भानगडीत न पडता गाडी परत करून मोकळे व्हा.

इथून बुटीबोरी, चंद्रपूर, यवतमाळ करणारी बरीच पोरं पहिल्या-दुसऱ्या नोकरीत आहेत. असं एक बिल त्यांचा महिन्याचा पगार खाऊ शकतं. त्यामुळे हा मेसेज ‘वाचला आणि सोडला’ म्हणण्यासारखा मला वाटत नाही.

‘फुल इन्शुरन्स असतोच.’ पॉलिसी असते, पण ती गाडीमालकाची. तुम्ही विमाधारक नाही. क्लेम करायचा की नाही हे मालक ठरवतो, आणि लहान नुकसानीत तो बहुधा करत नाही, कारण एका क्लेमने त्याचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो. क्लेम केला तरी पूर्ण पैसे येत नाहीत. साध्या पॅकेज पॉलिसीत सक्तीची वजावट असते, म्हणजे ठरलेली रक्कम विमा कंपनी देतच नाही. प्लास्टिक आणि रबराच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो, आणि आजकालचा बंपर म्हणजे प्लास्टिकच. टायर एकटाच फुटला तर विमा काही देत नाही. सोबत गाडीचंही नुकसान झालं असेल तरच टायरच्या किमतीच्या निम्मे मिळतात. समृद्धीवर ताशी १२० च्या वेगाने उन्हाळ्यात गाडी पळवणाऱ्यांनी हे कलम नीट वाचावं.

पाण्याचं प्रकरण तर वेगळंच. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि पाणी वस्त्यांमध्ये घुसलं, तेव्हा उभ्या गाड्या बुडाल्या. बुडालेल्या गाडीच्या सीट आणि वायरिंगचा क्लेम होतो. पण पाणी शिरलेलं इंजिन कुणी चावी फिरवून सुरू करायला गेलं आणि ते जाम झालं, तर विमा कंपनी त्याला परिणामी नुकसान (थेट पुराने नव्हे, नंतरच्या कृतीने झालेलं) मानते आणि इंजिन प्रोटेक्ट हे जादा कव्हर नसेल तर पैसे नाकारते. नरेंद्रनगरच्या पुलाखाली पाणी साचलंय आणि भाड्याची गाडी बंद पडली, तर सेल्फ मारू नका. ढकलून बाहेर काढा आणि टो व्हॅन बोलवा.

गाडी गॅरेजमध्ये उभी असताना बुडालेलं भाडंही विमा देत नाही. म्हणून भाडे कंपनी ते ‘डाउनटाइम’ या नावाखाली तुमच्याकडून मागते. करारात तसं लिहिलेलं असतं आणि तुम्ही ओटीपी टाकून ते मान्य केलेलं असतं.

इथेच अजून एक गोष्ट. सेल्फ-ड्राइव्ह भाड्याच्या गाडीची पाटी काळी असते, अक्षरं पिवळी. ओळखीच्या कुणाची पांढऱ्या पाटीची एमएच ३१ स्वस्तात मिळते म्हणून घेतली, तर खासगी पॉलिसीत ‘भाड्याने देण्यासाठी नाही’ ही अट असते आणि विमा कंपनीला तेवढं कारण पुरतं. २०१० साली अमलेंदू साहू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असा क्लेम सरसकट न फेटाळता काही प्रमाणात द्यायला लावला हे खरं. पण तो निकाल मिळायला मालकाला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं, आणि तोवर तो खर्च तुमच्याकडेच मागणार.

‘बिल कंपनीच्या नावावर, म्हणजे जबाबदारी कंपनीची.’ मेसेजमधला हा एकच मुद्दा अर्धा खरा आहे. करार कायदा १८७२ च्या कलम २२२ प्रमाणे, आपल्या वतीने काम करणाऱ्याने दिलेल्या अधिकारात राहून केलेल्या कायदेशीर कामाचे परिणाम काम देणाऱ्याने सोसायचे असतात. मात्र हा हिशेब तुमचा आणि तुमच्या कंपनीचा. भाडे कंपनी पाहते ती करारावरचं नाव. आपल्याकडे बहुतेक जण स्वतःच्या मोबाइलवरच्या अ‍ॅपवरून, स्वतःच्या लायसन्सवर गाडी घेतात आणि जीएसटी बिल तेवढं कंपनीच्या नावाने मागतात. बिलावर नाव कुणाचंही असो, करार तुमचा झाला.

शिवाय अधिकारात राहून म्हणजे काय, तेही पाहा. उमरेडच्या कामाला परवानगी होती आणि रविवारी गाडी पेंचला नेली, किंवा करारात नाव नसलेल्या सहकाऱ्याच्या हाती स्टिअरिंग दिलं, तर कंपनी हात वर करेल आणि भाडे कंपनीचा डॅमेज प्लॅनही (जादा पैसे भरून घेतलेलं नुकसानीचं संरक्षण) रद्द होईल. दारू प्यायलेली असेल तर दोन्हीकडचे दरवाजे बंद. साहेबांची परवानगी फोनवर नको, मेलवर हवी.

कंपनीलाही पगारातून मनाला येईल तशी वसुली करता येत नाही. जुना १९३६ चा वेतन कायदा घ्या किंवा २०१९ ची वेतन संहिता: निष्काळजीपणा दाखवावा लागतो, तुमचं म्हणणं ऐकावं लागतं, आणि संहितेत एकूण कपातीला पगाराच्या ५० टक्क्यांची मर्यादा आहे.

‘डिपॉझिट कापणं बेकायदा.’ नाही. भाड्याची गाडी सांभाळण्याची जबाबदारी कायद्याने तुमच्यावर येते आणि करार ती वाढवतो. पण करार कायद्याच्या कलम ७४ नुसार करारातली दंडाची रक्कम ही कमाल मर्यादा आहे, त्या आत वाजवी भरपाईच मिळते. त्यामुळे डेंटिंग-पेंटिंगचं तपशीलवार बिल, नुकसानीचे फोटो आणि विम्यातून किती पैसे मिळाले याचा कागद मागा. तुमच्याकडे गाडी घेतानाचे चारही बाजूंचे, टायरचे, काचेचे आणि किलोमीटरचे फोटो असतील तर बोलणं बरोबरीने होतं. सोनेगावला विमानतळाबाहेर गाडी ताब्यात घेताना घाई असते, मान्य. तरी व्हिडिओ काढाच.

‘पोलिसांत जाऊ नका.’ हा सल्ला सगळ्यात घातक आहे. कुणी जखमी झालं असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे त्याला दवाखान्यात नेणं आणि २४ तासांच्या आत पोलिसांना कळवणं चालकाचं कर्तव्य आहे. पळून गेलात तर साध्या अपघाताचा गुन्हा गंभीर होतो, आणि तो गुन्हा विमा किंवा कंपनी अंगावर घेऊ शकत नाही. पैशांच्या बाजूने मात्र इथेच विमा सगळ्यात भक्कम आहे. तिसऱ्या व्यक्तीच्या मृत्यूच्या किंवा दुखापतीच्या भरपाईला थर्ड पार्टी पॉलिसीत ठरलेली मर्यादा नसते, मालमत्तेच्या नुकसानीला साडेसात लाखांची असते. नोंदच नसेल तर हे संरक्षण तुम्ही स्वतःच पातळ करता.

आणि मेसेजमध्ये एका गोष्टीचा उल्लेखच नाही: चालवणाऱ्याचं स्वतःचं शरीर. पॉलिसीतलं १५ लाखांचं वैयक्तिक अपघात कव्हर मालक स्वतः चालवत असेल तर त्याच्यासाठी असतं, भाड्याने घेणाऱ्यासाठी नाही. २००९ च्या निंगम्मा खटल्यात मागून घेतलेल्या मोटारसायकलवर अपघात होऊन माणूस मरण पावला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने तो मालकाच्या जागी आला असं धरलं आणि त्याच्या वारसांना मोटार वाहन कायद्याच्या कलम १६३-अ खाली भरपाई मिळाली नाही. रात्रीच्या वेळी रोही (नीलगाय) आडवा आला आणि गाडी दुभाजकावर गेली, तर समोर दुसरी गाडी नसते जिच्या विम्याकडे जाता येईल. तेव्हा आधार तुम्हाला नोकरी देणाऱ्या कंपनीचा. कामाच्या ओघात झालेल्या अपघाताची भरपाई नोकरी देणाऱ्याने द्यायची हे तत्त्व १९२३ पासून आपल्या कायद्यात आहे. पण त्यासाठी तुम्ही त्या दिवशी, त्या रस्त्यावर, कामावरच होतात हे दाखवावं लागतं. म्हणून दौऱ्याची मंजुरी घरच्यांना सापडेल अशा ठिकाणी ठेवा, आणि एचआरला मेल करून विचारा की सेल्फ-ड्राइव्ह गाडी चालवताना तुम्हाला ग्रुप अपघात विमा लागू आहे का, आणि किती रकमेचा.